जागलीवरचा रेडिओ

मिडियम वेव्ह मेली, हे मी पुण्या-मुंबईच्या चर्चांमध्ये फार ठामपणे ऐकलं आहे. नांदगाव पेठेच्या शिवारात मात्र मिडियम वेव्हबद्दल कुणी बोलतच नाही. "नागपूर लागते काय?" एवढंच विचारतात, आणि लागत असेल तर ऐकतात.

हे गाव काही आडवळणाला नाही. अमरावतीहून नागपूरच्या दिशेनं निघालं की शहर मागे पडतं न पडतं तोच टोलनाका येतो, मग एमआयडीसी, कापडाचे कारखाने आणि 1,350 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प. चौकात मोबाईलची दुकानं, ज्याच्या-त्याच्या हातात फोन. गावात, म्हणजे घराघरात, रेडिओ बहुतेक संपला हे सरळ मान्य करायला हवं. कपाटावर धूळ खात पडलेल्या संचाची डायलची दोरी तुटलेली असते आणि ती बसवून देणारा मेकॅनिक आता फोनच्या काचा बदलतो. कापूस वेचणाऱ्या बायांच्या सोबतीलाही आज ब्लूटूथचा डबा असतो. तेव्हा वऱ्हाडात घरोघरी अजून रेडिओ वाजतो, असं गोड चित्र मला रंगवायचं नाही. मी बोलतो आहे ते रात्रीच्या वावराबद्दल.

तूर शेंगांवर आली, हरभऱ्याला घाटे धरले, की जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक आडवं करतात. त्यांना मारायला कायद्याची आडकाठी आहे, आणि नुकसानभरपाईचे कागद फिरवता फिरवता पुढचा हंगाम उजाडतो. म्हणून माणूस रात्री वावरात जातो. सोबत टॉर्च, काठी, फटाके आणि रेडिओ. रेडिओ दोन कामं करतो. माणसाला जागं ठेवतो, आणि माणसाचा डोळा लागलाच तर माणसाचा आवाज वावरात चालू ठेवतो. काही जण तर संच धुऱ्यावरच्या बाभळीला सुतळीनं टांगून खुशाल घरी येतात. आकाशवाणीचा निवेदक आणि वावराचा मालक यांतला फरक रोह्याच्या लक्षात यायला काही दिवस जातात.

असा एखादा संच जवळून पाहण्यासारखा असतो. काळ्या रेक्झिनचं कव्हर, बटणांपाशी फाटलेलं. सेलच्या कप्प्याचं झाकण केव्हाच हरवलेलं असतं, त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा. उतरलेले सेल दुपारी उन्हात टाकून ठेवायचे, रात्री थोडी जान येते. ठेवण्याचीही एक रीत असते. संचाच्या आत फेराइटची आडवी कांडी असते, तीच मिडियम वेव्हची एरिअल. ती केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज भरून येतो, चतकोर फिरवली की मरतो. फेराइट हे नावही न ऐकलेला माणूस अंधारात नुसत्या हातानं संच फिरवत तो कोन बिनचूक पकडतो आणि मग बाजूला दगड लावून ठेवतो.

हेच काम फोन करेल की, असं कुणी म्हणेल. फोनवर मिडियम वेव्ह येत नाही. त्या कांडीला त्याच्या पोटात जागाच नसते. गाणी येतात, पण फोन हा कामाचा जिन्नस आहे. शेतीची थ्रीफेज रात्री आली तर ओलितासाठी मोटर चालू-बंद करायला, घरून निरोप आला तर घ्यायला, साप निघाला तर कुणाला तरी बोलवायला त्याची चार्जिंग राखून ठेवावी लागते. आणि फोन बाभळीला टांगून कुणी घरी जात नाही.

एवढ्यावरून मला जे म्हणायचं आहे ते असं. काही भागांत मिडियम वेव्ह टिकली याचं कारण तिथली माणसं जुन्याला धरून बसली आहेत, हा शहरी समज आहे. अंतर लांब, वस्ती विरळ, वीज बेभरवशाची, खिशात पैसा मोजका, आणि ऐकणाऱ्याचे हात कामात गुंतलेले, ही परिस्थिती जिथं आजही आहे तिथं ती टिकली. ती गरज चालू काळातली आहे. उलट जिथं ती मरते आहे तिथं श्रोता उठून गेला की सेवा आधी उठून गेली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आधी लहरीचं पाहू, कारण या प्रश्नात पदार्थविज्ञान शेतकऱ्याच्या बाजूचं आहे. नागपूर आकाशवाणीचं मिडियम वेव्ह प्रक्षेपण 585 किलोहर्ट्झवर, 300 किलोवॅटच्या यंत्रावरचं. या लहरीची लांबी सुमारे 513 मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकडी आली तर वळसा घालते. अमरावती नागपूरपासून दीडशे किलोमीटर, अकोला अडीचशे; या टप्प्यात ती कशी पोचते हे वाटेतल्या जमिनीवरही अवलंबून असतं. खडकाळ आणि रेताड जमीन लहर खाऊन टाकते, ओल धरणारी चिकण जमीन तिला पुढे जाऊ देते. म्हणजे ज्या काळ्या मातीनं वऱ्हाडाला कापूस दिला तीच त्याला नागपूरही ऐकवते. दिवसा लहरीचा आकाशाकडे जाणारा भाग वातावरणाच्या वरच्या थरात शोषला जातो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर त्याहून वरच्या थरावर आदळून शेकडो किलोमीटर लांब उतरते. रात्री काटा हळूहळू फिरवला तर इंदूर येतं, हैदराबाद येतं, मुंबई येते, कधी एकावर एक चढून येतात. जागलीची वेळ आणि मिडियम वेव्हची भरतीची वेळ एकच आहे.

एफएमचं तसं नाही. तिचा आवाज स्वच्छ, पण ती साधारण नजरेच्या टप्प्यात चालते. अमरावती-अकोल्याच्या सपाट पट्ट्यात ठीक आहे. गाविलगडच्या रांगा चढून मेळघाटात गेलं की दरीतल्या कोरकू गावांना सपाटीवरचा मनोरा काही उपयोगाचा नसतो. तिथं मोबाईलची रेंजही एका वळणावर येते आणि पुढच्या वळणावर जाते.

वऱ्हाडाचा कान नागपूरकडे लागण्याला इतिहासही आहे. नागपूर केंद्र 1948 साली सुरू झालं तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. 1956 च्या नोव्हेंबरात हा मुलूख मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. राजधानी आठशे किलोमीटर लांब गेली, आणि दिवसाउजेडी मुंबईचं केंद्र इकडे ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मराठी सरकारचा आवाज वऱ्हाडात आला तो नागपूरच्या मनोऱ्यावरून. कापसाची एकाधिकार खरेदी 1972 मध्ये सुरू झाल्यावर भावाची घोषणा रेडिओभोवती कोंडाळं करून ऐकली जायची. नागपूर कराराबद्दल आणि नागपूरकरांबद्दल अकोल्या-अमरावतीच्या माणसाचं मत काहीही असो, नागपूरच्या लहरीबद्दल त्याची तक्रार नव्हती.

सिलोन, बिनाका, अमीन सायानी, फर्माइशींची पोस्टकार्डं यांवर मराठीत इतकं लिहून झालं आहे की मी ते सोडून देतो. खरं तर त्या लेखनानं थोडं नुकसानच केलं. रेडिओवरचा प्रत्येक लेख आठवणींचा असला की आज ऐकणारा माणूसही आठवणीतलाच वाटू लागतो. त्याला आजच्या तारखेची गरज असू शकते हे कुणाच्या डोक्यात येत नाही. वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या गोष्टीसाठी कुणी अंदाजपत्रकात तरतूद मागत नाही.

आता मोजणीचं. खासगी एफएमचा धंदा जाहिरातीवर चालतो, म्हणून तिथं श्रोते मोजले जातात. 2007 पासून जी पद्धत आली ती दिल्ली, मुंबई, बंगळूरु, कोलकाता अशा महानगरांतल्या घरांकडून डायऱ्या भरून घेण्याची. अकोल्याच्या किंवा अचलपूरच्या श्रोत्याला तिथं जागा नव्हती. जागलीवरच्या माणसाला तर नाहीच. तो डायरी भरत नाही, ॲप उतरवत नाही, काही विकतही घेत नाही. प्रक्षेपणाचा गुणच असा की ऐकणाऱ्याला पोच द्यावी लागत नाही. मोबाईलवर एक गाणं ऐकलं तरी दहा ठिकाणी नोंद होते. मिडियम वेव्ह लाखाने ऐकली काय आणि एकाने ऐकली काय, मनोऱ्याला कळत नाही. ज्याची नोंद नाही तो नाही, अशी ज्या काळाची समजूत आहे त्या काळात हा गुण घातक ठरला.

त्याचं उदाहरण नागपुरातच घडलं. 1988 साली आकाशवाणीनं राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू केली. संध्याकाळी लागायची ती पहाटेपर्यंत चालायची. तिचा मुख्य ट्रान्समीटर नागपूरचा, 1566 किलोहर्ट्झवरचा, एक हजार किलोवॅटचा. नागपूर निवडण्याचं कारण नकाशा पाहिला की कळतं. देशाच्या मधोमध उभा राहून रात्री हाक मारली तर ती चहूकडे जाते. ट्रकवाले, पहारेकरी, रात्रपाळीचे कामगार, जागलीवरचे शेतकरी अशा रात्री जागणाऱ्यांसाठी या देशानं चालवलेली ती जवळजवळ एकमेव सेवा. 2019 च्या जानेवारीत ती बंद झाली. खर्चाची काटकसर, कमी श्रोते, आता इतर साधनं आहेत, अशी कारणं दिली गेली. इतर साधनं आहेत हे दुपारी, कार्यालयात बसून म्हटलं तर खरंच आहे.

इतकं बोलल्यावर दुसरी बाजू टाळता येणार नाही, आणि ती कमजोर नाही. पहिला आक्षेप असा की ही लहर सरकारची आहे. एकाच मनोऱ्यावरून सगळ्यांशी बोलता येतं म्हणजे एकाच मनोऱ्यावरून सगळ्यांना गप्पही ठेवता येतं. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधी गेल्याची बातमी बीबीसीनं दिली आणि आकाशवाणी संध्याकाळपर्यंत थांबली. त्या दिवशी ज्यांच्याकडे शॉर्टवेव्ह होती त्यांना आधी कळलं. पुढे प्रसार भारतीचा कायदा झाला, 1997 मध्ये ती अस्तित्वात आली, पण बातमीपत्राचा सूर फारसा सुटला नाही. तरीही पर्यायाकडे पाहा. खासगी एफएमला आपल्याकडे स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच उचलायच्या. म्हणजे मिडियम वेव्ह गेली म्हणून सरकारी आवाजाची मक्तेदारी मोडणार नाही. फक्त तो आवाज कमी लोकांना ऐकू येईल.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ऐकावं असं फार थोडं आहे. शेतीच्या कार्यक्रमात तज्ज्ञ कागद वाचतात, कागदी मराठीत, आणि "शेतकरी बंधू आणि भगिनींनो" म्हटल्यावर ज्या सुरात पुढचं येतं त्या सुरात वऱ्हाडात कुणी कुणाशी बोलत नाही. वऱ्हाडी बोली ऐकू येते ती बहुधा विनोदापुरती. बोंडअळीवर फवारणी कधी करावी हे गंभीरपणे सांगायला ती चालते, एवढा विश्वास आकाशवाणीनं तिच्यावर टाकल्याचं जाणवत नाही. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून आहे, नागपूरला प्रादेशिक हवामान केंद्र आहे. माहितीची ददात नाही. ती बोलून दाखवणारा माणूस नाही.

आणि हे जमतच नाही असं नाही, एकदा जमलं होतं. 1956 साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच मराठी जिल्ह्यांत ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावं होती, प्रत्येक गावात लोक एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, शंका केंद्राकडे पाठवत आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरं मिळत. अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा या गावांत कळण्याची आणि करून पाहण्याचीही वाढ दिसली. तेव्हा वऱ्हाड मुंबई राज्यात नव्हतं, त्यामुळे प्रयोगाबाहेर राहिलं. पण यंत्र तेच होतं, लहर तीच होती. फरक एवढाच होता की केंद्रात बसलेल्याला समोर कोण बसलं आहे हे माहीत होतं.

जगानं मिडियम वेव्ह सोडली, मग आपण का धरायची, असाही एक सवाल असतो. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकनं 2015 च्या अखेरीस ती बंद केली. तिथं दर काही मैलांवर मनोरा आहे, वीज जात नाही, त्यांना परवडलं. अमेरिकेत काही कंपन्यांनी विजेवरच्या गाड्यांतून एएम, म्हणजे मिडियम वेव्हच, काढायला सुरुवात केली, कारण मोटरचा गोंगाट तिच्यावर चढतो. त्यावर 2023 मध्ये दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून प्रत्येक गाडीत एएम सक्तीचं करणारं विधेयक आणलं आणि फोर्डनं त्याच महिन्यात माघार घेतली. मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते जपानचं. तिथल्या 47 खासगी एएम कंपन्यांपैकी 44 नी 2028 पर्यंत एफएमकडे जायचं ठरवलं. उरलेल्या तिघींपैकी दोन होक्काइडोच्या आणि एक अकिताची. अफाट मुलूख, डोंगर, बर्फ. एफएमचे मनोरे किती उभारणार? फुकुशिमा पाहिलेल्या, तंत्रज्ञानाचं कोणतंही वेड न सोडलेल्या देशानं आपल्या मेळघाटापुरती का होईना, मिडियम वेव्ह ठेवली.

आपल्याकडे जो पर्याय दिला जातो त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. 2023 च्या एप्रिलमध्ये देशभरात एका दिवशी 91 एफएम ट्रान्समीटरचं उद्घाटन झालं, प्रत्येकी 100 वॅटचे. अशा मनोऱ्याचा टप्पा फार तर पंधरा किलोमीटर धरा. म्हणजे सातशे चौरस किलोमीटर. अमरावती जिल्हा बारा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. जमीन पाटासारखी सपाट असती तरी सतरा-अठरा मनोरे लागले असते, आणि डोंगराळ मेळघाट याच जिल्ह्यात आहे. 2024 साली मंत्रिमंडळानं आणखी 234 शहरांत खासगी एफएमला मंजुरी दिली, त्यात अचलपूरचं नाव आहे. चांगलं आहे, अचलपुरात गाणी वाजतील. डीआरएम नावाची डिजिटल मिडियम वेव्हही आहे, आकाशवाणीनं त्यावर बराच खर्च केला. तिचे संच महाग, गावच्या दुकानात नाहीत, ती प्रामुख्यानं नव्या मोटारगाड्यांत येते. ओलिताला कुणी कार घेऊन जात नाही.

मिडियम वेव्हचा खरा वैरी एफएम नाहीच. वैरी आहे खरखर. स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर, सोलर पंपाचे कंट्रोलर, सगळे तिच्या पट्ट्यात गोंगाट करतात. वीज प्रकल्पाच्या नांदगाव पेठेतच, हाय टेन्शन तारांच्या खाली, 585 नीट धरत नाही. दोन वावरं ओलांडून पलीकडे गेलं की स्वच्छ. या उपकरणांनी किती गोंगाट करावा याचे नियम करता येतात, इतर देशांनी ते पाळायला लावलेही. आपल्याकडे रेडिओच्या बाजूनं तक्रार करणारं कुणी नाही. एका खरखरीचा मात्र उपयोग आहे. वीज चमकली की मिडियम वेव्हवर कडकड उमटते, ढग दिसायच्याही आधी. मृगाच्या तोंडावर वावरात असलेल्या माणसाला ती कडकड दाट झाली की बैल सोडून घर गाठावं हे कळतं. विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं जातात. त्यासाठी दामिनी नावाचं ॲप आहे, उत्तम आहे. रेंज असेल तिथं ते जरूर वापरावं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती रात्रीपुरती आहे. आकाशवाणीची तिसरी सभा अकराच्या सुमारास संपते, ही जुनी रीत. शेतीची वीज त्याच्या आगेमागे येते आणि पहाटेपर्यंत राहते. 300 किलोवॅटचा नागपूरचा ट्रान्समीटर रात्री आठ तास आणखी चालवावा, ऑक्टोबर ते मार्च. त्यावर वऱ्हाडी बोलणारा एक माणूस बसवावा. हवामान, अकोला-अमरावतीचे भाव, कुठल्या फीडरला वीज आहे आणि कुठल्या नाही, मधूनमधून भजनं, गाणी, आणि श्रोत्यानं टाकलेल्या व्हॉट्सॲप निरोपाला तिथल्या तिथं उत्तर. फोन बोलायला आणि रेडिओ ऐकायला, अशी जोडी जमते.

खर्च फार होईल, असं उत्तर येईल. यंत्राची कार्यक्षमता 75 टक्के धरली तर 300 किलोवॅटला 400 किलोवॅट वीज लागते; आठ तासांची 3,200 युनिट. नांदगाव पेठेच्या प्रकल्पाचे संच पूर्ण क्षमतेनं चालू असले तर एवढी वीज ते नऊ सेकंदांच्या आत तयार करतात. निवेदकाचा पगार वेगळा.